सानगडीतला मोटरींचा पट

भंडारा जिल्ह्यात मी पाहुणा म्हणून गेलो आणि तिथल्या एका शेळीचं, दोन पोती तांदळाचं आणि एका वयस्कर गृहस्थाच्या छातीचं थोडंथोडं नुकसान करून परत आलो. तरीही ज्यांनी तो भाग पाहिला नसेल त्यांनी जरूर जावं, असं मला मनापासून वाटतं. कसं जाऊ नये ते पुढे येईलच.

मी मूळचा वाईचा. नोकरीमुळे नागपूरला आलो आणि तिथलाच झालो. विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. लोकांच्या चुका शोधण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, स्वतःची चूक मला इतरांच्या आधी दिसते. कधी कधी ती होण्याच्याही आधी. इतकी वर्षं नागपुरात राहून मी भंडाऱ्याच्या पुढे कधी गेलो नव्हतो, ही चूकही मला बरेच दिवस दिसत होती. सायलीमुळे ती सुधारायची संधी आली.

सायली माझी मुलगी. ती पुण्याला विजेच्या गाड्यांच्या मोटरी तपासते. तिच्याच शेजारच्या टेबलावर सानगडीचा प्रफुल हेच काम करतो. दोघांना लग्न करायचं होतं. भांडण फक्त एकाच गोष्टीवरून होतं, ते म्हणजे मोटर कोणती चांगली. सायली कायमच्या चुंबकाच्या मोटरीची, प्रफुल इंडक्शन मोटरीचा. तिच्या सांगण्यावरून मी चुंबकाच्या मोटरीची नवी गाडी घेतली होती. त्याच्या सांगण्यावरून त्याच्या वडिलांनी इंडक्शनची एक जुनी गाडी घेतली होती. म्हणजे वाद मुलांचा आणि स्टिअरिंग बापांच्या हातात, अशी परिस्थिती होती.

साकोलीवरून आत

जानेवारीतली सकाळ होती. साकोलीला महामार्ग सोडून आम्ही सानगडीच्या रस्त्याला लागलो आणि गाडीतली तिघंही, मी, बायको आणि सायली, बाहेरच बघत राहिलो. धान कापून झालेलं. मोकळ्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, लाखोरीची निळी फुलं, मधूनच तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे ढीग, आणि दर थोड्या अंतरावर एक तळं. आमच्याकडे वाईला पाणी म्हणजे नदी, ते वाहून जातं. इथे पाणी जागेवर बसलेलं असतं, घरातल्या मोठ्या माणसासारखं. तळ्यात बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून शिंगाडे काढत होत्या. मी हॉर्न वाजवला नाही, तरी एकीने वर पाहिलं. तिच्या कामात व्यत्यय आला असेल का, हा विचार माझ्याबरोबर गावापर्यंत आला.

प्रफुलचे वडील धनराजभाऊ दारातच उभे होते. घर मूळचं विणकरांचं. पुढच्या खोलीत मागाचा खड्डा अजून आहे, फक्त त्यात आता कोशाच्या रेशमी साड्यांचे गठ्ठे ठेवतात. धनराजभाऊ कापडाचा व्यापार करतात, थोडी धानाची शेती बघतात, आणि मनापासून करतात ते काम म्हणजे शंकरपट. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हिवाळ्यात या भागात गावोगाव पट भरतो आणि पटाच्या दिवशी लेकीजावई, दूरचे सोयरे, सगळे त्या गावात गोळा होतात.

दारात आम्हाला पाय धुवायला पाणी दिलं. आमच्याकडे पाहुण्याला प्यायला पाणी देतात, त्यामुळे मी लोटा तोंडाला लावला. वसुधेने, म्हणजे माझ्या बायकोने, कोपर मारलं तोवर अर्धा संपला होता.

"राहू द्या जी, पानी साफ हाय," धनराजभाऊ म्हणाले, आणि मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या लोट्यातलाही एक घोट घेतला. त्या क्षणी मला कळायला हवं होतं की हा माणूस पाहुण्यासाठी कुठवर जाऊ शकतो.

सानगडी, जेवण आणि नंतर

जेवायला चिन्नोरचा भात होता. त्याचा वास आम्हाला ओसरीवरच आला होता. सोबत तळ्यातल्या माशांचा रस्सा आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. वडे मी इतके खाल्ले की प्रफुलच्या आई, कुंदाताई, दुसऱ्यांदा तळायला बसल्या. जेवणानंतर सुपारी फुटायची होती. तिकडे सोयरीक पक्की झाली की दोन्हीकडच्या माणसांसमोर सुपारी फोडतात. एकदा फुटली की शब्द पक्का.

तबकात सुपारी आली, अडकित्ता आला. धनराजभाऊंची थोरली बहीण, सगळ्यांची आत्या, पाटावर बसली. घरातला शेवटचा शब्द तिचा. तेवढ्यात अंगणात भांडण ऐकू आलं.

"तुझ्या मोटरीतले चुंबक तापले की ढिले पडतात, हे सांग ना घरच्यांना!" हा प्रफुल.

"आणि तुझी मोटर सुरू असताना आतल्या आतच तापते, ते तू सांग!"

"मोकळी गाडी घरंगळताना तुझे चुंबक आडवे येतात. माझी बंद केली की मोकळी."

"घरंगळायला गाडी घेतात का कोणी?"

आत्याने अडकित्ता खाली ठेवला.

"धनराज, हे काय होऊन राह्यलं?"

"काही नाही बाई. मोटरीचं बोलून राह्यले."

"मोटरीवरून एवढं? मंग उद्या भाजीत मीठ कमी पडलं तं?" तिने दोघांना आत बोलावलं. "काहून भांडता रे? नीट सांगा. मले समजलं पाह्यजे."

सायलीने सांगितलं. दोन्ही मोटरींत बाहेर तांब्याची गुंडाळी असते, तिच्यात वीज सोडली की फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तिच्या मोटरीत आतल्या फिरत्या भागात कायमचे चुंबक बसवलेले असतात. ते त्या क्षेत्राला धरून, बरोबर त्याच्याच वेगाने फिरतात. प्रफुलच्या मोटरीत आत नुसत्या धातूच्या कांड्या. त्यांच्यात बाहेरच्या क्षेत्रामुळे वीज उठते, मग त्या फिरतात, पण नेहमी जरा मागे राहून. त्या उठलेल्या विजेने कांड्या तापतात आणि तेवढी वीज वाया जाते.

"पण माझी मोटर जळली तर साकोलीत गुंडाळून मिळते," प्रफुल म्हणाला. "शेतातल्या पंपाची मोटर इंडक्शनच आहे आत्या. सायलीच्या मोटरीचे चुंबक बाहेरच्या देशातून येतात."

शेजारचे सुखदेवजी ओसरीवर बसले होते. वर्षानुवर्षं पटात झेंडी दाखवणारे, बारीक अंगाचे, मफलर गुंडाळलेले गृहस्थ. ते म्हणाले, "म्हंजे एक बैल आपल्या मनानं पळते, अन् दुसऱ्याले दर पावलाले समजवा लागते. पण समजवाचा बैल सस्ता भेटते, अन् गावातच भेटते."

मोटरींवर यापेक्षा चांगलं मी आजवर वाचलेलं नाही.

आत्याने निकाल दिला. "पट लावा. दोन्ही गाड्या इथंच हायेत. जे हरन त्यानं जलमभर या गोष्टीचं तोंड काढाचं नाही. निकाल लागला का सुपारी फोडते. नाही लागला तं नाही फोडत."

सायलीने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा लहानपणी परीक्षेच्या हॉलमध्ये जाताना असायचा तसा झाला होता. हे लग्न माझ्या गाडी चालवण्यावर येऊन टेकलं होतं, आणि रस्त्यावर बेडूक दिसला तरी मी गाडी थांबवतो.

राईस मिल

पट जाहीर झाल्याबरोबर माणसं जमली. तो वेगाचा नाही, कमी वीज खाईल तो जिंकेल, हे कळल्यावर अर्धी नाराज झाली.

"म्हंजे सावकाश जाईन थो जिंकन?"

"सावकाश नाही, दोघांनी सारखंच जायचं," सायली म्हणाली. "सानगडी ते साकोली आणि परत. मग मिलच्या मीटरवर पुन्हा चार्ज करायचं. जिला भरायला कमी युनिट लागतील ती जिंकली."

"बैल पळाल्यावर चारा किती खाते ते पाहून राह्यले बाप्पा," कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना एकदम समजलं.

दोन्ही गाड्यांचं वजन सारखं हवं, असं प्रफुल म्हणाला. राईस मिलला वजनकाटा होता. माझी गाडी जड निघाली. धनराजभाऊंच्या गाडीत तांदळाची दोन पोती घातली, तरी कमी. आत्या स्वतः जाऊन बसली, तर जास्त. एक पोतं काढलं, तर पुन्हा कमी. पंच म्हणून माझ्या गाडीत सुखदेवजी बसले, तेव्हा काढलेलं पोतं परत आत गेलं. मग मी किती वडे खाल्ले यावर चर्चा झाली आणि धनराजभाऊंनी काट्यावर उभं राहून, माझ्याबरोबरीला येण्यासाठी, आणखी चार वडे खाल्ले. एका गृहस्थाने माझ्या गाडीचं बॉनेट उघडून आत बराच वेळ पाहिलं आणि जोडीचं नाव विचारलं. नाव नाही म्हटल्यावर तो हळहळला. त्याच्या इच्छेखातर मी ‘राजा’ सांगितलं. नंतर लक्षात आलं, मोटर एकच असल्यामुळे दुसरा बैल राहून गेला.

गाड्या चार्ज होत असताना वसुधेने मला बाजूला घेतलं.

"हे बघा, आपण मुलीकडचे. मुलाच्या वडिलांना त्यांच्याच गावात, त्यांच्या बहिणीसमोर हरवायचं नाही. कळलं?"

"अगं, पण हा प्रयोग आहे."

"सुपारी फुटल्यावर प्रयोग करा."

मी विचार केला. मुद्दाम हरलो तर खोटेपणा, जिंकलो तर उद्धटपणा. दोन्ही पापं तोलून पाहिली आणि खोटेपणा निवडला, कारण तो निदान कोणाला दिसणार नव्हता. सायली आणि प्रफुल मिलवरच थांबणार होते, एकमेकांनी मीटरला हात लावू नये म्हणून.

सानगडी ते साकोली, पहिली फेरी

गाव मागे पडताच मी एसी पूर्ण लावला. जानेवारी होता, हे पुन्हा सांगतो.

सुखदेवजींनी मफलर कानावर ओढला. "साहेब, थे हवा..."

"गाडीला लागते," मी म्हणालो. मग खिडक्या उघडल्या, दिवे लावले, कोरड्या काचेवर वायपर सुरू केला. रस्ता मोकळा होता, तरी मी जोरात वेग घ्यायचो आणि कचकन ब्रेक दाबायचो. इथे गाडीने मला दगा दिला. ब्रेक दाबला की ही मोटर जनरेटर होते आणि गेलेल्या विजेतली थोडी परत बॅटरीत भरते. मी उधळत होतो आणि ती मागून वेचत येत होती. आयुष्यात प्रथमच मला माझ्यापेक्षा सरळ वागणाऱ्या यंत्राचा राग आला.

"साहेब," सुखदेवजी दात वाजवत म्हणाले, "तुमच्या गावाकडं असंच चालवते का?"

मी हो म्हणालो. सगळ्या वाई तालुक्याची मी इथे माफी मागतो.

धनराजभाऊंची गाडी पुढे होती. जवळ गेल्यावर दिसलं, भर उन्हात तिचे दिवे लागलेले. खिडक्या उघड्या. आत्याचा पदर खिडकीबाहेर झेंड्यासारखा फडफडत होता. मला वाटलं, गाडीत बिघाड झाला. तेवढ्यात त्यांनी गाडी थांबवली आणि बाजाराला निघालेल्या दोन बायकांना शिंगाड्यांच्या टोपल्यांसकट आत घेतलं. पुढे एकजण शेळी घेऊन उभा होता. त्यालाही घेतलं. शेळीला यायचं नव्हतं. मग ते सरळ रस्ता सोडून तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, वळसा घालून आले.

साकोलीच्या फाट्यावर आम्ही दोघे शेजारी थांबलो. त्यांच्या वायपरची दांडी हलत होती. माझीही हलत होती. आम्ही एकमेकांच्या वायपरकडे पाहिलं.

"पाहुणे, तुम्ही हरून राह्यले काय?" ते म्हणाले.

"तुम्ही?"

"पाहुणा आपल्या गावातून हरून गेला तं तोंड दाखवाले जागा राहात नाही जी."

"मुलीकडचे जिंकले तर आम्हाला राहात नाही."

आम्ही दोघांनी तिथेच थांबून शहाणपणाचा मार्ग काढायला हवा होता. पण त्यांनी मान हलवली, "नाही जी, मीच हरतो," आणि गाडी सोडली. मीही सोडली. परतीच्या रस्त्यावर मी बंद पडलेल्या एका मोटारसायकलवाल्याला दोर बांधून ओढत आणलं. त्यांनी ओझं म्हणून ती शेळी मालकाकडून मागून परत आणली. ती एवढी घाबरली होती की दोन्ही पोती फाडून तांदूळ खात सुटली. फाटलेल्या पोत्यांतले दाणे सानगडीपर्यंत रस्त्यावर सांडले.

मीटर

चार्जिंग संपायला संध्याकाळ झाली. मध्ये एकदा लाइन गेली, तेव्हा सगळ्यांनी बसून शिंगाडे उकडून खाल्ले. मीटरचे आकडे पाहून सायली आणि प्रफुल कागदावर डोकं जोडून बसले. मी दोघांना भांडताना खूप पाहिलं होतं, एका बाजूला बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

"ही वीज चुंबकाची मोटर खाऊच शकत नाही," सायली म्हणाली.

"इंडक्शनही नाही," प्रफुल म्हणाला. "एवढ्या विजेत मिलचा धान कांडून झाला असता."

दोघांनी वर पाहिलं. सुखदेवजी शेकोटीपाशी शिंकत होते. त्यांनी आयुष्यभर पटात खरी झेंडी दाखवली होती. विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. आत्याला विचारावंच लागलं नाही. शेळी अजून गाडीतच होती.

हशा पिकला. मीही हसलो. सायली हसली नाही. ती मला मिलच्या मागे घेऊन गेली.

"बाबा, तुम्ही हरायला निघालात, तेव्हा मला विचारलंत?"

"तुझं लग्न..."

"माझं लग्न माझ्या कामावरून अडलं होतं. ते काम खरं की खोटं, हेच तर बघायचं होतं. तुम्ही ते एसी लावून मोडलंत. उद्या त्या घरात मी काही खरं बोलले, तर तुम्ही असेच येऊन माझ्या वतीने माफी मागणार?"

मी तिची माफी मागितली, आणि मागत असतानाच ती हेच म्हणत होती हे लक्षात आलं.

आतून आत्याचा आवाज आला, "उद्या सकाळी परत. अन् यावेळेस जो हरन थो खराच हरला पाह्यजे. नाही तं पाहुण्यायनं आपलं नागपूरले निघाव."

दुसरी फेरी

सकाळी पंच बदलले. सुखदेवजींनी माझ्या गाडीत बसायला नम्रपणे नकार दिला, त्यामुळे आत्या माझ्याकडे आली. वजनं पुन्हा झाली. शेळी घरी पोचवली होती.

या वेळी मी खिडक्या लावल्या, एसी बंद, पाय हलका. गाव ओलांडताना गाईगुरांमुळे थांबत-चालत जावं लागलं, आणि गाडी अगदी अलगद, काही न मागता चालल्यासारखी चालली. सायली सांगते ते हेच: कमी वेगात, थांबत-सुटत चालताना तिची मोटर वीज जपते. पुढे मोकळ्या रस्त्यावर धनराजभाऊही एकाच चालीने चालले होते आणि दोघांत काही फरक आहे असं वाटेना. तेव्हा मोकळ्या चालीत आपली मोटर मागे पडत नाही, हे प्रफुलचंही मला पटलं.

पदर सावरत आत्या म्हणाली, "काय जी, आज हराच्या इचारात हाय का?"

"नाही."

"भेव वाटते?"

"वाटतं. तुमचे भाऊ दुखावतील."

"दुखावन तं. पट हरला का थो दोन जेवनं जेवत नाही, मी लहानपनापासून पाहून राह्यली." तिने समोर पाहतच सांगितलं, "पण काल तुम्ही त्याले जिंकवलं असतं अन् त्याले मागून समजलं असतं, तं त्यानं तुमच्या पोरीच्या हातचं पानी घेतलं नसतं. पटाचा मानूस हाय थो."

मी ॲक्सिलरेटरवरचा पाय होता तसाच ठेवला. रस्त्यावर एक बगळा उतरला. त्याच्यासाठी मात्र थांबलो.

दुपारी मीटर बोललं. माझी गाडी जिंकली. फरक थोडा होता, कोणालाही वाटला होता त्यापेक्षा बराच थोडा, पण होता. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. धनराजभाऊ मीटरसमोर उभे राहिले, दोन्ही आकडे पुन्हा वाचले आणि घराकडे चालू लागले. वसुधेने माझ्याकडे असं पाहिलं की मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. सायली ताठ उभी होती. प्रफुल तिच्या शेजारी, तोही ताठ, हरलेला.

धनराजभाऊ परत आले तेव्हा त्यांच्या हातात गुलालाची पिशवी होती. पटात हरलेल्याने जिंकलेल्या जोडीला गुलाल लावायचा, हा तिथला रिवाज. त्यांनी मूठभर गुलाल माझ्या बॉनेटला चोळला. मग हात तसाच माझ्या खांद्यावर ठेवला. पांढरा सदरा होता.

"काल मले फुकट जिंकवून राह्यले होते, साहेब. थे मले पचलं नसतं." त्यांचा आवाज जड होता, खरंच हरले होते आणि खरंच लागलं होतं. मग त्यांनी सायलीकडे पाहिलं. "पोरी, तुझी मोटर खरी. पण माझी गाडी मी इकत नाही, सांगून ठेवतो."

"विकू नका," सायली म्हणाली. "मला तपासायला लागेल."

आत्याने तिथेच, मिलच्या ओट्यावर, तबक मागवलं. आमची माणसं एका बाजूला, त्यांची एका बाजूला बसली. अडकित्त्यात सुपारी धरली गेली. तेवढ्यात प्रफुल दोन्ही गाड्यांकडे पाहत हळूच म्हणाला, "सायली, टायरमधली हवा सारखी होती का गं?"

सायलीचा चेहरा बदलला. "तू नाही पाहिलीस?"

"मला वाटलं, तू पाहिली."

"हवा कमी असेल तर गाडी जास्त वीज खाते, प्रफुल! मग सगळा निकालच..."

धनराजभाऊंनी मान वर केली. सुखदेवजी मफलर सारखा करत टायर बघायला उठले.

"बसा सगळे," आत्या म्हणाली, आणि दोन्ही हातांनी अडकित्ता दाबला.